संत्र्याच्या बाजूचा माणूस

घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते शिडीवर उभे राहून आपल्याच घराच्या भिंतीवर एक भलामोठा 'क' रंगवत होते. मी खोली बघायला आले होते. पांढुर्ण्याच्या एका शाळेत मराठी शिकवायची नोकरी नुकतीच लागली होती आणि सौंसरहून रोजचं येणं-जाणं झेपत नव्हतं.

"कोण हाय?" त्यांनी वळून न पाहताच विचारलं.

"खोली बघायला आले."

"संत्रा खाता काय?"

"खाते."

"मीठ लावून?"

"नाही."

"मंग खोली तुमचीच समजा. वर जाऊन पाहून घ्या. हा क झाल्याबिगर मले उतरता येत नाही."

घरमालकांना मी काका म्हणत असे. ते गेले त्याला आता वर्ष होत आलं. मी अजून त्याच खोलीत राहते. संध्याकाळी पुस्तक उघडते आणि बराच वेळ तेच पान समोर राहतं. त्यांच्याविषयी लिहायला बसले की रडू येण्याच्या आधी हसू येतं आणि लिहिणं तिथंच थांबतं. म्हणून हे सावकाश लिहिते आहे.

भिंतीवरचं ते वाक्य पुढे असं पूर्ण झालं: 'क जीवनसत्त्व हेच खरे सत्त्व'. अक्षरं एवढी मोठी काढली होती की शेवटचं 'सत्त्व' भिंतीवर मावलं नाही. ते कोपऱ्यावरून वळून गल्लीत गेलं. भिंतीवरचा तो भलामोठा 'क' पाहून काही हिंदी बोलणारे पालक मुलांना घेऊन दाराशी येत आणि इथं ट्यूशन होते का म्हणून विचारत. काका त्यांना आत बसवून एकेक संत्रा खाऊ घालत आणि मग सांगत, "हीच ट्यूशन."

सौंसरकडे त्यांची लहानशी संत्र्याची बाग होती. कचेरीतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर तेवढीच त्यांची ये-जा. पण संत्रा हे त्यांच्या लेखी पीक नव्हतं. संत्र्याबद्दल ते आदरार्थी बोलत. "यंदा संत्रे नाराज हायेत," असं म्हणत, आणि ऐकणाऱ्याला वाटे की घरातलं कुणीतरी वडीलधारं रुसलं आहे. सुरीने संत्रा कापलेला त्यांना बघवत नसे. रस काढण्याला ते पोस्टमॉर्टेम म्हणत. बस स्टँडवरच्या रसवाल्याशी त्यांचं कायमचं वाकडं होतं. त्याच्या गाडीसमोरून जाताना ते टोपी काढत, आणि ती त्या माणसासाठी नसे.

घरी आलेल्या कुणालाही संत्रा स्वतः सोलू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. पोस्टमन असो, मीटर वाचायला आलेला असो, समोर बसवायचं, साल एका लांब पट्टीत उतरवायची, फोडींवरचे दोरे एकेक करून काढायचे आणि फोड स्वतःच्या हाताने समोरच्याच्या हातावर ठेवायची. "तुम्ही सोलाल तं नुसतं पोट भरन," ते म्हणत. "मी सोलून देतो तेव्हा पाहुणचार होते."

घरात ते आमचं वऱ्हाडी वळणाचं मराठी बोलत. राग आला की मात्र हिंदीत जात. सगळी नोकरी मध्य प्रदेश सरकारची, त्यामुळे रागवायची सवय हिंदीतच लागलेली. काकूंना त्याचा फार उपयोग होई. नवरा 'काहून' वरून 'क्यों' वर आला की त्या भाजी ढवळता ढवळता म्हणत, "आलं सरकार." आणि काका हसून परत मराठीत येत.

पहिला फोड आला तो काकांच्या उजव्या हाताच्या पाठीवर. मग डाव्या. उन्हातून आले की हातांच्या पाठीवर पाण्याने भरलेले फोड उठत. दाराची कडी नुसती घासली तरी कातडी सुटून यायची. ती जखम भरायला वेळ लागे आणि भरली की तिथे पांढुरका डाग राही. लघवी चहासारखी होते असं काकूंनी मला हळूच सांगितलं. त्यात एक चमत्कारिक गोष्ट अशी की काकांच्या गालांच्या हाडांवर, पार डोळ्यांच्या खालपर्यंत, काळे केस उगवू लागले. "म्हातारपणी जवानी आली, पण पत्ता चुकून राहिली," असं म्हणत ते आरशासमोर बसून डोळ्यांखालपर्यंत दाढी करत.

गावातल्या डॉक्टरांनी हात पाहिले आणि आयुष्यभराचा सोलण्याचा नाद ऐकला. ते म्हणाले, सालीचा रस लागतो, वरून ऊन लागतं, त्याने होत असेल, काही दिवस संत्रा सोलणं बंद ठेवा. डॉक्टरांचं तसं चुकलं नव्हतं, असं होतंही म्हणतात. पण काका घरी आले ते हिंदी बोलतच.

"चालीस साल से छील रहा हूँ! तब क्या सूरज नहीं था?"

"आलं सरकार," काकू म्हणाल्या. पण या वेळी ते हसले नाहीत.

शेवटी काकूंनी आणि मी मिळून त्यांना नागपूरला नेलं. एका मोठ्या दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरीणबाई होत्या, वयाने तरुण, बोलायला मोकळ्या. त्यांनी हात पाहिले, गाल पाहिले, लघवी आणि रक्त तपासायला पाठवलं. पुढच्या खेपेला काका आणि काकू आत गेले. मी बाहेर पुस्तक घेऊन बसले. पान उलटायच्या आत दार उघडलं आणि काका झपाझप बाहेर पडून थेट जिन्याने खाली गेले. मागून काकू आल्या, हातात चप्पल. काकांचीच.

डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या होत्या: "बाबा, तुमच्या रक्तात सी निघाला आहे. फार वर्षांपासून आहे. हातांचं हे सगळं त्याच्यामुळेच. लिव्हर कडक व्हायला लागलं आहे, अजून वेळ आहे, पण फार नाही. आधी सी शरीरातून काढू, मग हात आपोआप सुधारतील. तीन महिने गोळ्या घ्यायच्या." त्यावर काका हात जोडून उठले होते.

गोळ्या सरकारी दवाखान्यातून मोफत आल्या. काकूंनी त्या देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवल्या. काकांनी त्यांना हात लावला नाही.

उलट त्या दिवसापासून ते दुप्पट संत्रे खाऊ लागले. अंगणात सर्वांना दिसेल असे बसून, कुणाला तरी आव्हान दिल्यासारखे. पण एकटेच. दुसऱ्याला सोलून देणं मात्र त्यांनी थांबवलं. हातात हात दिल्याने किंवा एकत्र जेवल्याने हा आजार लागत नाही, रक्त रक्ताला लागलं तर लागतो, हे बाईंनी काकूंना समजावलं होतं. काका म्हणत, "जखमा उघड्या हायेत. कोणाले कायले भेव दाखवा." आलेल्या माणसापुढे ते ताटलीत अख्खा संत्रा ठेवत आणि तोंड फिरवून बसत. शेजारचे लोकही थोडे लांबच बसायला लागले होते.

काकू एकदा वर माझ्या खोलीत आल्या. त्या कधी वर येत नसत, गुडघे दुखत.

"बाई, तुम्ही बोलून पाहा. गोळी घ्या म्हटलं का उठून जातात. लिव्हर गेल्यावर घेतीन काय? मी काही त्याह्यच्या मागं राहाले नाही आली या घरात."

एवढं बोलून त्या माझी पुस्तकं पुसायला लागल्या. बोलणं कठीण झालं की त्या काहीतरी पुसत.

शनिवारी मी सौंसरला घरी जायची आणि काका बागेत जायचे, त्यामुळे बस एकच. डॉक्टरीणबाईंनी ऊन टाळायला सांगितलं होतं, तेवढं ते पाळत. गोळीत त्यांना जे काही दिसत होतं ते उन्हात दिसत नसावं. पूर्ण बाह्यांचा सदरा, शाळेच्या परेडचे मी आणून दिलेले पांढरे हातमोजे आणि डोक्याला, तोंडाला काकूंची गुलाबी ओढणी, स्कूटरवरच्या कॉलेजच्या पोरी गुंडाळतात तशी. नुसते डोळे उघडे. त्या शनिवारी बस भरलेली होती. कंडक्टरने मागून आवाज दिला:

"दीदी, थोडा आगे सरको! ओ गुलाबी दुपट्टा!"

ओढणीतून भरदार आवाज आला, "सरकतो ना बाप्पा, तुह्या दीदीचे गुडघे दुखून राहिले."

सगळी बस हसली. कंडक्टरने लाजून त्यांना जागा करून दिली. काकाही हसले. त्या हसण्याचा फायदा घेऊन मी शेजारी बसता बसता विचारलं, "काका, गोळ्या काहून घेत नाही?"

त्यांनी ओढणी तोंडावरून खाली केली. बाहेर कपाशी गेली, मग संत्र्याच्या बागा सुरू झाल्या.

"बाई, तुम्ही शिकलेल्या हा. मले एक सांगा. माणसानं जल्मभर एकाची बाजू घेतली. भिंतीवर लिहिलं. घरी आलेल्याले, गेलेल्याले, साऱ्याइले खाऊ घातलं. आन् म्हातारपणी डॉक्टर सांगते का त्यानंच तुले पोखरलं. मंग त्याच्याविरुद्ध गोळी घ्याची? गोळी घेतली म्हणजे मी कबूल केलं ना."

"कोणाविरुद्ध?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मराठीच्या बाईंना एवढंही कळू नये.

"सी. तुमच्या पुस्तकात त्याले क म्हणते."

मला आधी अर्थच लागेना. मग लागला. क जीवनसत्त्व, हिंदीत विटामिन सी, आणि रक्तात निघालेला सी. हे गृहस्थ इतके दिवस हात फोडून घेत होते, लिव्हर कडक होऊ देत होते, ते संत्र्याची साक्ष फिरवायची नाही म्हणून. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी डोळे भरून येत होते. मी समजावलं, की हा सी वेगळा, एका विषाणूचं नाव, काविळीच्या जातीतला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही मराठीच्या बाई हा," ते म्हणाले. "मन राखाले सांगून राहिल्या."

त्यामुळे पुन्हा नागपूर. या वेळी आम्ही तिघंही आत गेलो. मी डॉक्टरीणबाईंना एका वाक्यात घोटाळा सांगितला. त्या हसतील अशी मला भीती होती. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाबा, काविळीचे विषाणू सापडत गेले तशी त्यांना नावं दिली. ए झाला, बी झाला. मग एक असा होता की तो ए नाही आणि बी नाही. बरीच वर्षं त्याला तसंच म्हणायचे, ए नाही, बी नाही. मग तो सापडला. पुढचं अक्षर सी होतं, म्हणून सी. एवढंच."

"म्हणजे याले आधी नावच नोयतं?"

"नव्हतं."

"आन् नाव ठेवाची वेळ आली तं आमचंच सापडलं?"

"रांगेत तेच अक्षर उभं होतं, बाबा."

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं का? बऱ्याच वर्षांपूर्वी?"

"चढवलं ना. गोटमारीत."

बाई नागपूरच्या, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारतात हे त्यांना माहीत होतं. "तुम्ही दगड मारायला गेला होता?"

"मी कायले मारू? सावरगावच्या एका माणसाची छत्री माझ्याकडं राहिली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आणून देतो म्हटलं होतं. शब्द म्हणजे शब्द."

"पण दगड सुरू होते ना?"

"म्हणून तं छत्री उघडली."

आता मात्र बाई हसल्या. काकूही हसल्या. ही गोष्ट त्यांनी किती वेळा ऐकली असेल. "मांडी फुटली होती याह्यची," त्या म्हणाल्या. "रक्त थांबे ना. दोन बाटल्या चढवल्या."

"छत्रीले काही झालं नाही," काका म्हणाले.

तेव्हा रक्तात हा विषाणू तपासायची सोयच नव्हती, बाई म्हणाल्या. बहुतेक त्या बाटल्यांतूनच तो आला आणि इतकी वर्षं गुपचूप बसून राहिला. संत्र्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही, खुशाल खा.

काका उठून उभे राहिले. "हे हिच्याकडं पाहून बोला," त्यांनी काकूंकडे बोट केलं. बाई काकूंकडे पाहून बोलल्या. "आता एकदा हिंदीत बोला. सरकारी भाषेत."

डॉक्टरीणबाईंनी गळ्यातला स्टेथोस्कोप सरळ केला आणि सगळा दवाखाना ऐकेल अशा आवाजात म्हणाल्या, "संतरा निर्दोष है."

काका खाली बसले. "द्या गोळी," म्हणाले. गोळ्या घरी कोनाड्यात होत्या, पण बाईंनी कपाटातून नमुन्याची एक काढून दिली असती तर त्यांनी ती तिथेच, पाण्याशिवाय गिळली असती.

पुढचे तीन महिने गोळी चुकली नाही. गोळी झाली की लगेच संत्र्याची एक फोड तोंडात, मनात काही नाही हे संत्र्याला कळावं म्हणून. त्वचेसाठी बाईंनी अधूनमधून थोडं रक्त काढून टाकायचंही ठरवलं, अंगातलं जास्तीचं लोह कमी व्हावं म्हणून. काकांना तो उपाय फार पटला. "ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं त्याले स्टेशनवर सोडून राहिले," असं ते सांगत. काकूंचंही रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. त्या दिवशी काकांनी देवापुढे नारळ फोडला आणि त्यावरून काकूंची बोलणी खाल्ली, कारण हाताला पुन्हा लागलं होतं.

हात मात्र सावकाश बरे झाले. फोड कमी होत गेले, मग एके आठवड्यात नवा आलाच नाही. गालावरचे केस विरळ झाले तेव्हा त्यांना थोडं वाईटही वाटलं. पण कातडी धरली, जखमा मिटल्या, तरी ते कुणाला सोलून देईनात. गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं होतं. तो निकाल येईपर्यंत ताटलीच. "बाजू घेणाऱ्यानं जास्त संभाळलं पाहिजे," ते म्हणत. ते तीन महिने घरात गोळ्यांच्या तीन महिन्यांपेक्षा मोठे वाटले. काकूंनी तेवढ्यात माझी सगळी पुस्तकं दोनदा पुसून काढली.

काका पुढे गेले ते काही वर्षांनी, पांढुर्णा जिल्हा झाल्यावर, म्हातारपणाने, झोपेत. त्याबद्दल मला लिहिण्यासारखं फारसं नाही. मला लिहायचा आहे तो निकालाचा दिवस.

आम्ही तिघं दवाखान्यातल्या बाकावर बसलो होतो. डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या.

"बाबा, सापडला नाही. गेला."

"कोणता?"

"तो वाईट."

"आन् आमचा?"

"तुमचा भरपूर असणार."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मी पुस्तक मिटलं. काकांनी हातमोजे काढले आणि घडी करून खिशात ठेवले.

समोरच्या बाकावर एक बाई एकटीच बसली होती. दोन्ही मनगटं पदरात गुंडाळलेली. मधेच पदर सुटला तेव्हा मनगटांवरचे जांभळट, चकचकीत चट्टे दिसले. ती खाजवायची आणि लगेच झाकायची. काका उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. ती थोडी सरकली.

"कुठच्या?"

"लोधीखेड्याच्या."

"सी काय?"

तिने दचकून इकडंतिकडं पाहिलं आणि मान हलवली. "त्याचेच चट्टे हायेत म्हणे. कालच सांगितलं."

काकांनी पिशवीतून संत्रा काढला आणि सोलायला घेतला. पांढुरक्या डागांच्या हातांतून साल एका लांब पट्टीत उतरू लागली. इतक्या महिन्यांनी, पण तुटली नाही.

"मले नोको, भाऊ," ती घाईने म्हणाली. "मले आता संत्रा चालत नाही."

"काहून?"

"सी निघाला ना. संत्र्यात सीच तं राह्यते."

काकांचे हात थांबले. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू एवढं अडाणीपण त्यांनी आयुष्यात प्रथमच ऐकलं.

"हे कोणं सांगितलं तुम्हाले? एवढीशी गोष्ट समजत नाही काय लोकाइले?"

माझ्या शेजारी काकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. त्यांचे खांदे हलत होते. मी पुस्तक तोंडासमोर धरलं.

काका तिला सांगत होते. ए झाला, बी झाला, मग एक बिनानावाचा होता. बोलता बोलता दोरे निघत होते. "तीन महिने गोळी घ्याची. चुकवाची नाही. माझ्या हाताकडं पाहा, याच्याहून खराब होते." त्यांनी फोड तिच्यापुढे धरली. ती काही क्षण त्या फोडीकडे पाहत राहिली, मग त्या हातांकडे. मग मनगट पदरातून बाहेर काढून तिने फोड घेतली आणि तोंडात टाकली.

फोड खाऊन झाल्यावर ती बी टाकायला जागा शोधू लागली. खाली पुसलेली फरशी. कचऱ्याचा डबा लांब, दाराशी. तिला कळेना काय करावं.

काकांनी आपला तळहात तिच्या हनुवटीखाली धरला.

"इथं टाका," ते म्हणाले.

तिने मान हलवून नाही म्हटलं. काकांनी हात मागे घेतला नाही. दुसऱ्या हाताने ते पुढची फोड मोकळी करत होते, हे रोजचंच असल्यासारखं. शेवटी तिने खाली वाकून ती ओली बी त्यांच्या हातावर ठेवली.